प्रिंट केलेल्या ऑर्थो प्लेटा: रेझिनच्या डेटाशीटवरचे आकडे कसे वाचायचे?

लॅबवाली_नाशिक (धागाकर्ती)

माझ्या ओळखीच्या बहुतेक ऑर्थो लॅबमध्ये, म्हणजे दात सरळ करायच्या प्लेटा बनवणाऱ्या लॅबमध्ये, आता रेझिन प्रिंटर आहे, म्हणजे द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करणारा. आधी फक्त मॉडेल छापायचं आणि त्यावर शीट ओढायची एवढंच काम होतं. आता थेट तोंडात जाणाऱ्या वस्तू छापल्या जातात: स्प्लिंट (झोपेत दातांवर दात घासणाऱ्यांसाठीचं कव्हर), रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरणारा), ट्विन ब्लॉकचे ठोकळे (जबडा पुढे धरणारे), ब्रॅकेट (तारेसाठी दातावर लावायची बटणं) चिकटवायचे मऊ ट्रे, काही ठिकाणी अलायनरसुद्धा (दात सरकवणारा ट्रे). विक्रेता डेटाशीट पाठवतो, डॉक्टर फोनवर विचारतात, "याची स्ट्रेंग्थ किती?", आणि आपण पीडीएफमधला आकडा वाचून दाखवतो. त्या आकड्यांचा खरा अर्थ काय यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढते आहे.

माझं मत आधीच सांगते. डेटाशीटवरचा आकडा कंपनीने स्वतःच्या प्रिंटरवर छापलेल्या, स्वतःच्या पद्धतीने धुतलेल्या आणि स्वतःच्या पेटीत क्युअर केलेल्या, म्हणजे प्रकाश आणि उष्णतेने पक्क्या केलेल्या, एका पट्टीचा असतो. रुग्णाच्या तोंडात जाणाऱ्या प्लेटचे गुणधर्म मात्र आपल्या टेबलावर ठरतात. ते किती वेळ धुतलं, धुण्याचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किती जुनं होतं, क्युअरिंगला उष्णता मिळाली का, जाडी खरोखर किती निघाली, यावर. एकाच बाटलीतून एका लॅबमध्ये चिवट स्प्लिंट निघतो आणि दुसरीकडे ठिसूळ, हे मी पाहिलेलं आहे.

ऑर्थोच्या काढता-घालता येणाऱ्या प्लेटांच्या पॉलिमरसाठी आयएसओ २०७९५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग २ आहे, २०१३ सालचा. त्यातल्या किमान अटी अशा: वाकवताना तुटण्याची ताकद, म्हणजे फ्लेक्झरल स्ट्रेंग्थ, निदान ५० मेगापास्कल, फ्लेक्झरल मॉड्युलस निदान १५०० मेगापास्कल, पाणी शोषण घन मिलिमीटरला जास्तीत जास्त ३२ मायक्रोग्रॅम, विद्राव्यता, म्हणजे पाण्यात विरघळून बाहेर जाणारा भाग, जास्तीत जास्त ५ मायक्रोग्रॅम. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाकवण्याची चाचणी कोरड्या पट्टीवर होत नाही. पट्टी ३७ अंशांच्या पाण्यात ५० तास ठेवतात आणि त्या तापमानाच्या पाण्यातच वाकवतात.

बऱ्याच डेटाशीटवर मात्र चाचणीच्या रकान्यात एएसटीएम डी ७९० किंवा डी ६३८ लिहिलेलं असतं. या सर्वसाधारण प्लास्टिकच्या चाचण्या, सहसा २३ अंशांवर आणि कोरड्या नमुन्यावर होतात. म्हणून पीडीएफ उघडलं की आधी हा चाचणीचा रकाना बघा, आकडा नंतर. एकाकडे २३ अंशांचा कोरडा आकडा आणि दुसऱ्याकडे ३७ अंशांचा ओला, तर त्यांची तुलना करूच नये.

माझे दोन प्रश्न आहेत. कोणत्या उपकरणाला कोणता गुणधर्म आधी बघायचा? आणि महागडी यंत्रं नसताना नाशिकमध्ये आपल्या लॅबचं रेझिन तपासता येईल का?


अंबड_टूलरूम

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. मी दातांच्या कामातला नाही, अंबड एमआयडीसीत मोल्डिंगच्या साच्यांवर काम करतो. पण पट्टी वाकवणं आमचं रोजचं आहे.

आधी एक गोंधळ दूर करतो. ताकद आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी. मॉड्युलस म्हणजे ताठपणा, वस्तू वाकायला किती विरोध करते ते. स्ट्रेंग्थ म्हणजे कोणत्या ताणाला तुटते ते. काच ताठ असते आणि टिचकीसरशी फुटते. त्यामुळे "स्ट्रेंग्थ ८० आहे" एवढ्यावर वस्तू चिवट ठरत नाही. चिवटपणासाठी तुटण्याआधी ती किती ताणली जाते हेही बघा, डेटाशीटवर इलाँगेशन ॲट ब्रेक असं लिहिलेलं असतं. स्प्लिंट दिवसातून दोन-चार वेळा ओढून काढायचा, म्हणजे त्याच्या कडा दर वेळी फाकतात. ८० मेगापास्कल आणि दोन-तीन टक्के इलाँगेशनवाल्यापेक्षा ६० मेगापास्कल आणि दहा-बारा टक्केवाला मी निवडेन.

आता चाचणी. त्या आयएसओमधली पट्टी ६४ मिमी लांब, १० मिमी रुंद, ३.३ मिमी जाड असते. ती छापा, नेहमीसारखीच धुवा आणि क्युअर करा. ५० मिमी अंतरावर दोन गोल सळ्यांवर ठेवा, मधोमध एक किलोचं वजन टांगा आणि खाली डायल गेज लावा. मॉड्युलस २००० असेल तर पट्टी मध्यभागी सुमारे ०.४३ मिमी झुकेल. १५०० असेल तर सुमारे ०.५७ मिमी. साधं डायल गेज ०.०१ मिमी दाखवतं, म्हणजे हा फरक स्पष्ट दिसतो.

सूत्र ज्यांना हवं त्यांच्यासाठी: मॉड्युलस = (बल × अंतराचा घन) ÷ (४ × रुंदी × जाडीचा घन × झुकाव). बल न्यूटनमध्ये, बाकी सगळं मिलिमीटरमध्ये, उत्तर मेगापास्कलमध्ये. तुटण्याचा आकडा हवा असेल तर वजन हळूहळू वाढवत न्या. ५० मेगापास्कलची अट पूर्ण व्हायला ही पट्टी साधारण साडेसात किलोपर्यंत टिकायला हवी. डोळ्यांना चष्मा लावा, तुकडे उडतात.

आणि ही चाचणी पाण्यात भिजवलेल्या पट्टीवरच करा. कोरडी पट्टी नेहमीच जास्त चांगली दिसते.

आता जाडीबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथे होते. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. कॉम्प्युटरवर ०.५ मिमीचा अलायनर काढला आणि प्रिंटरने ०.६ चा दिला, तर तो सुमारे १.७ पट ताठ झाला. ०.७५ झाला तर ३.४ पट. रेझिन बदलून मॉड्युलसमध्ये दहा-वीस टक्क्यांचा फरक पडत असेल तर इकडे प्रकाश थोडा जास्त झिरपला म्हणून सगळं गणित उलटं होतं. पारदर्शक रेझिनमध्ये प्रकाश ठरलेल्या थराच्या पलीकडे जातो आणि तिथलंही थोडं रेझिन घट्ट करतो, म्हणून वस्तू जाड निघते. मायक्रोमीटर घ्या आणि प्रत्येक नव्या रेझिनचा पहिला तुकडा तीन-चार ठिकाणी मोजा. बाटली बदलण्याआधी हे करा.


इंदिरानगरची_आई

मला यातलं तांत्रिक फारसं कळत नाही, पण विषय जवळचा आहे म्हणून विचारते. मुलीच्या तारा निघाल्या, आता रात्री घालायला प्रिंट केलेला रिटेनर दिलाय. पहिल्या दिवसापासून ती म्हणते की कडू लागतं आणि वास येतो. डॉक्टर बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात भेटतील. तोवर वापरू द्यावा का? गरम पाण्यात उकळून घेतला तर चालेल का?


ऑर्थो_गंगापूररोड

ताई, उकळू नका. उकळत्या पाण्यात रिटेनरचा आकार बिघडू शकतो आणि मग तो दात धरून ठेवणार नाही. कडू चव आणि वास ही नीट न धुतलेल्या किंवा अर्धवट क्युअर झालेल्या रेझिनची लक्षणं असू शकतात. डॉक्टर बाहेर असले तरी क्लिनिकला आजच फोन करा. अशा तक्रारीला थांबवून ठेवत नाहीत, रिटेनर परत घेऊन लॅबला पाठवतात. तोवर काय करायचं हेही त्यांनाच विचारा, कारण तारा नुकत्या निघाल्या असतील तर रिटेनर फार दिवस बंद ठेवणंही बरं नाही. जुना, शीटचा रिटेनर असेल तर तो तात्पुरता चालेल का, हे विचारा. हिरड्या लाल झाल्या, जिभेला आग झाली किंवा पुरळ आलं तर मात्र घालू देऊ नका.

आणि एक प्रश्न क्लिनिकला जरूर विचारा: हे रेझिन ३० दिवसांपेक्षा जास्त संपर्कासाठी प्रमाणित आहे का? आयएसओ १०९९३ मध्ये शरीराशी संपर्काचे तीन गट आहेत: २४ तासांपर्यंत, २४ तास ते ३० दिवस, आणि ३० दिवसांहून जास्त. सर्जिकल गाइडचं रेझिन ऑपरेशनपुरतं तोंडात असतं, म्हणून ते पहिल्या गटासाठी तपासलेलं असू शकतं. त्यातून रिटेनर छापला तर बाटलीवर बायोकम्पॅटिबल (शरीराला अपाय न करणारं) लिहिलेलं असूनही काम चुकीचं. रिटेनर रात्रीपुरता असला तरी सगळ्या रात्रींची बेरीज धरली जाते.

आता धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. माझ्यासाठी क्रम असा आहे.

स्प्लिंटला झीज आणि चिवटपणा आधी, ताकद नंतर. झोपेत दातांवर दात घासणारा माणूस रात्रभर त्याच जागी जोर लावतो. ट्विन ब्लॉकच्या ठोकळ्यांना ताठपणा हवा, ते दबले तर जबड्याची पुढची स्थितीच बदलते. ब्रॅकेटच्या ट्रेला उलट मऊपणा हवा, नाहीतर ट्रे काढताना ब्रॅकेटच निघून येतात.

अलायनरचं सगळ्यात अवघड. तिथे प्लास्टिक नुसतं टिकून भागत नाही, त्याने दात हलवायचा असतो. एका ट्रेमागे दात साधारण पाव मिलिमीटर सरकवायचा असतो. म्हणजे ट्रे दातावर बसताना तेवढा वाकतो आणि परत सरळ होण्याच्या प्रयत्नात दाताला ढकलतो. पदार्थ फार ताठ असेल तर सुरुवातीचा जोर नको इतका, फार मऊ असेल तर दात हलतच नाही. त्यातही हा जोर टिकत नाही. प्लास्टिक ताणलेल्या अवस्थेत सैलावत जातं, पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. याला स्ट्रेस रिलॅक्सेशन म्हणतात, आणि मी पाहिलेल्या एकाही विक्री पत्रकात हा आलेख नव्हता. अलायनरच्या रेझिनला मी तो मागतो, मिळाला नाही तर थांबतो.

कोरियाच्या ग्राफी कंपनीचं टीसी-८५ याच कारणासाठी चर्चेत आहे. त्याला शेप मेमरी आहे: कोमट-गरम पाण्यात मऊ होतो, दातांवर सहज बसतो आणि मग मूळ आकाराकडे परतू लागतो. त्याच्या क्युअरिंगला नायट्रोजन लागतो. त्या बाटलीसोबत त्याची पूर्ण पद्धत विकत घ्यावी लागते आणि ते योग्यच आहे. तिकडे अलाइन कंपनीने २०२४ मध्ये व्हिएन्नाची क्युबिक्युअर घेतली, तीही अशाच थेट छपाईसाठी. त्यांचं तंत्र रेझिन गरम करून छापण्याचं आहे, कारण चिवट पदार्थ बनवणारं रेझिन बहुधा इतकं घट्ट असतं की साध्या प्रिंटरच्या टाकीत ते हलत नाही.


सातपूर_रसायन

मी यूव्ही कोटिंगमध्ये आहे. दाताच्या रेझिनचं रसायन आमच्या लाकडाच्या आणि छपाईच्या कोटिंगचं जवळचं नातेवाईक आहे, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

या बाटल्यांत मुख्यतः डायमेथाक्रिलेट, म्हणजे एकमेकांत जुळून जाळं बनवणारे रेणू, असतात: यूडीएमए, बिस-ईएमए, पातळ करायला टीईजीडीएमए. सोबत एक-दोन टक्क्यांच्या आसपास फोटोइनिशिएटर (प्रकाश पडला की अभिक्रिया सुरू करणारा), बहुतेक वेळा टीपीओ किंवा बीएपीओ, कारण प्रिंटरचा प्रकाश ३८५ किंवा ४०५ नॅनोमीटरचा असतो आणि हे तिथे काम करतात. टीपीओबद्दल युरोपात हालचाल सुरू आहे. प्रजननक्षमतेच्या संदर्भात तो जून २०२३ मध्ये त्यांच्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत गेला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तिथल्या सौंदर्यप्रसाधनांत, म्हणजे जेल नेलपॉलिशमध्येही, त्याला बंदी आहे. वैद्यकीय उपकरणांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण न वापरलेला इनिशिएटर आणि मोनोमर (न जुळलेले सुटे रेणू) वस्तूत जितका कमी उरेल तितकं बरं, याबद्दल दुमत नसावं.

तो किती उरतो हे ठरतं कन्व्हर्जनवर, म्हणजे रेणूंचे किती दुहेरी बंध जुळले त्यावर. प्रिंटरमधून निघालेली वस्तू हाताला घट्ट लागते, पण तिच्यात बरेच दुहेरी बंध अजून मोकळेच असतात. त्या अवस्थेला आम्ही ग्रीन पार्ट म्हणतो. पुढचं काम क्युअरिंग पेटीचं. इथे एक गोष्ट लॅबवाले विसरतात: नुसता प्रकाश पुरत नाही, उष्णता लागते. जाळं घट्ट होत जातं तसं त्याचं काचरूप होण्याचं तापमान वर चढतं. ते पेटीच्या तापमानाला गाठलं की साखळ्यांची हालचाल थांबते आणि अभिक्रियाही जवळजवळ थांबते. मग प्रकाश दुप्पट वेळ दिला तरी बंध जुळत नाहीत, वस्तू पिवळी मात्र होते. म्हणून कंपनी ६० अंश म्हणते तेव्हा ६० अंशच. नेल पॉलिशच्या दिव्यात फिरवून काढलेला स्प्लिंट मी तरी तोंडात घालणार नाही.

दुसरा शत्रू ऑक्सिजन. हवेतला ऑक्सिजन मुक्त मूलकं (अभिक्रिया पुढे नेणारे कण) गिळतो आणि पृष्ठभागाचा पातळ थर अर्धवट राहतो. हात लावला की चिकट लागतो तोच. आणि नेमका तोच थर हिरडीला टेकतो. नायट्रोजन त्यासाठी. नायट्रोजनची सोय नसेल आणि कंपनीने परवानगी दिली असेल तर वस्तू ग्लिसरीनमध्ये बुडवून क्युअर करतात, ग्लिसरीन हवा अडवतं. मात्र क्युअरआधी आयपीए पूर्ण उडून जायला हवं.

धुण्याबद्दल. आयपीए ९९ टक्क्यांचंच घ्या. सॅनिटायझरचं ७० टक्केवालं चालत नाही, त्यातल्या पाण्याने वस्तूवर पांढुरकी झाक येते. दोन डबे ठेवा, पहिला घाणीचा, दुसरा स्वच्छ. पहिल्यात रेझिन साठत जातं, मग तुम्ही मोनोमरच्या पातळ द्रावणात वस्तू बुचकळता. आणि जास्त वेळ भिजवणं म्हणजे जास्त स्वच्छ, असं नाही. आयपीए आत शिरतं, वस्तू फुगते आणि सुकताना बारीक तडे जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पुढे तिथूनच तुटते. आयपीएचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते ते, साधारण १२ अंश आहे, म्हणजे नाशिकच्या बहुतेक दिवसांत ते ठिणगीची वाटच बघत असतं. झाकण, हवा खेळती आणि बर्नर दूर. हातमोजे नायट्राइलचे, ओले झाले की लगेच बदला. ॲक्रिलेटची ॲलर्जी एकदा लागली की जात नाही. आमच्या धंद्यात त्यापायी काम सोडावं लागलेले लोक आहेत, म्हणून कळकळीने सांगतोय.


ओझरकर

गच्चीवर उन्हात ठेवून क्युअर होत नाही का? इकडे ऊन भरपूर आहे. छंदवाले लोक करतात.


सातपूर_रसायन

खेळण्यासाठी ठीक. तोंडात जाणाऱ्या वस्तूसाठी नाही. उन्हाची मात्रा दर तासाला बदलते, तापमान हातात नाही, ऑक्सिजन पूर्ण मोकळा. वरून पिवळी, आतून कच्ची अशी वस्तू निघते. कचऱ्यासाठी मात्र ऊन उत्तम आहे. उरलेलं रेझिन, टिपलेले टिश्यू, सपोर्ट हे उन्हात पूर्ण घट्ट करूनच टाका. मोरीत ओतू नका, ते शेवटी गोदावरीत जातं.


पंचवटीकर

मी पीजी करतेय, याच विषयाभोवती प्रबंध आहे, म्हणून पाणी शोषणाबद्दल थोडं.

३२ मायक्रोग्रॅम हा आकडा वाचून काही डोळ्यांसमोर येत नाही. चाचणीची चकती ५० मिमी व्यासाची आणि अर्धा मिमी जाड असते. तिचं घनफळ सुमारे ९८२ घन मिमी. म्हणजे सात दिवस ३७ अंशांच्या पाण्यात राहून तिने जास्तीत जास्त ३१ मिलिग्रॅम पाणी प्यायलं तर ती पास. विद्राव्यतेची मर्यादा त्याच हिशेबाने जेमतेम ५ मिलिग्रॅम. आधी सिलिका जेलच्या बंद डब्यात वजन स्थिर होईपर्यंत सुकवायची, वजन करायचं, पाण्यात ठेवायची, वजन करायचं, पुन्हा सुकवायची, पुन्हा वजन. शेवटचं वजन पहिल्यापेक्षा जितकं कमी, तितकं प्लास्टिकमधून काहीतरी बाहेर गेलं. ते काहीतरी म्हणजे मुख्यतः न जुळलेला मोनोमर. त्यामुळे रुग्णाच्या दृष्टीने मला विद्राव्यता हा सगळ्यात प्रामाणिक आकडा वाटतो.

लॅबमध्ये प्राथमिक अंदाज घ्यायला सराफ बाजारात मिळतो तो मिलिग्रॅमचा काटा चालेल. शोषण त्यात नीट कळतं, विद्राव्यता मात्र काट्याच्या मर्यादेच्या फार जवळ आहे, तिला कॉलेजचा चांगला काटा हवा.

कन्व्हर्जन मोजायला एफटीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने बंध ओळखणारं यंत्र) लागतो. १६३७ च्या आसपासचं शिखर मेथाक्रिलेटच्या दुहेरी बंधाचं, ते क्युअरनंतर किती खाली आलं ते बघतात. रेझिनमध्ये बेंझिनची कडी असेल तर १६०८ चं शिखर बदलत नाही, त्याच्याशी तुलना करता येते. नुसत्या यूडीएमएच्या रेझिनमध्ये ते नसतं, तिथे दुसरा संदर्भ शोधावा लागतो. चाचणी अधिकृत हवी असेल तर छत्रपती संभाजीनगरला सिपेट आहे, पॉलिमरच्या चाचण्या करून देतात.

हळदीबद्दल कुणी लिहिलं नाही. पारदर्शक प्लेट घालून जेवण केलं की पिवळी पडते. कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात आणि प्लास्टिकमध्ये बसतं. अर्धवट क्युअर झालेला पृष्ठभाग ते जास्त ओढतो. म्हणून दोन दिवसांत गडद पिवळी झालेली प्लेट आली तर रुग्णावर रागावण्याआधी क्युअरिंग तपासा.


जुना_हात

चर्चा चांगली आहे, पण मला स्पष्ट बोलू द्या. हॉली रिटेनर, तार आणि ॲक्रिलिकची प्लेट, १९१९ पासून आहे. पावडर-लिक्विड मिसळून घट्ट होणारं कोल्ड क्युअर ॲक्रिलिक, वायर वाकवलेली, प्रेशर पॉटमध्ये कोमट पाण्यात दोन बारवर शिजवलेलं, अशी प्लेट दहा-दहा वर्षं चालते. तुटली तर पंधरा मिनिटांत जोडून देतो. प्रिंटवाल्या प्लेटला तार कशी बसवणार? आणि तुटल्यावर काय करणार? मोनोमर लावून जोडायला जा, दोन दिवसांत पुन्हा त्याच जागी उघडते. मॉड्युलस सांगून रुग्णाचं काम होत नाही.


लॅबवाली_नाशिक

काका, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यामागे कारण आहे. कोल्ड क्युअर म्हणजे पीएमएमए, त्यात साखळ्या सुतासारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, गाठी मारलेल्या नसतात. लिक्विड लावलं की पृष्ठभाग फुगतो, नव्या साखळ्या जुन्यांत शिरतात आणि जोड एकजीव होतो. प्रिंट रेझिनमध्ये मात्र सगळीकडे गाठी आहेत. लिक्विड आत शिरतच नाही, वर नुसतं चिकटून बसतं. म्हणून तिथे दुरुस्ती अशी करावी लागते: तुटलेल्या कडा बरने (ड्रिलच्या टोकाने) खडबडीत करायच्या, शक्य असेल तर ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाने सँडब्लास्ट करायचं, त्याच बाटलीतलं रेझिन भरायचं आणि पुन्हा पूर्ण क्युअर. तरीही जोड मूळ ताकदीला येत नाही. जबड्याच्या मधोमध तुटलेला स्प्लिंट मी जोडत नाही, फाइल आहे, नवा छापते.

तारेसाठी डिझाइनमध्येच खाच ठेवते, मागे रुंद आणि तोंडाशी अरुंद, म्हणजे भरलेला पदार्थ आत अडकून राहतो. नुसत्या चिकटण्यावर भरवसा नाही. आणि ज्या मुलाच्या प्लेटला वर्षभरात दोनदा क्लास्प (दाताला धरणारी तार) बदलावा लागणार, स्क्रू लागणार, त्याला मी आजही कोल्ड क्युअरच देते. प्रिंटची जागा वेगळी आहे.

कोल्ड क्युअरची दुसरी बाजूही लिहायला हवी. एमएमए, म्हणजे त्यातलं लिक्विड, घट्ट होताना घनफळात सुमारे २१ टक्के आकसतो, पावडर तीन भाग आणि लिक्विड एक घेतल्यामुळे ते साधारण ७ टक्क्यांवर येतं. उरलेल्या मोनोमरचं काय, तर तीच आयएसओ ऑर्थोच्या प्लेटला ५ टक्क्यांपर्यंत सूट देते. म्हणजे जुनं ते निर्धोक असंही नाही. प्रेशर पॉट न लावता टेबलावर सोडून दिलेली प्लेट आणि नीट क्युअर न केलेली प्रिंट, दोन्ही सारख्याच दोषी.

थंडीबद्दल पण लिहायचं होतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो, शहरातही पहाटे दहाच्या खाली जातो. रेझिन मधासारखं घट्ट होतं, थर पूर्ण भरत नाही, वस्तू प्रिंटरच्या प्लेटवरून सुटते किंवा थरांमध्ये कमकुवत जागा राहते. अशी वस्तू वरून सुंदर दिसते. बाटली आणि टाकी दोन्ही २५ अंशांच्या वर आणल्याशिवाय सकाळची पहिली छपाई लावू नये. मधेच वीज गेली आणि प्रिंटर तिथूनच पुढे सुरू झाला, तर तो तुकडा टाकून द्यायचा, कारण थांबलेला थर हीच तुटण्याची रेघ असते. यूपीएस हा त्यामुळे खर्च नाही, रेझिन वाचवणं आहे.


ऑर्थो_गंगापूररोड

जुना_हात यांचा अनुभव मोलाचा आहे, मी स्वतः सक्रिय प्लेटा त्यांच्यासारख्याच हातांकडून करून घेतो. पण नीट क्युअर करण्याचा ताई म्हणतात तो निकष दोन्ही प्रकारच्या प्लेटांना लागू आहे.

डॉक्टरांसाठी एक जोडतो. भारतात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ लागू आहेत. ए आणि बी (कमी जोखमीच्या) वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी, डी वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा आहे. तोंडात जाणारं आयात रेझिन असेल तर पेटीवर आयात परवान्याचा क्रमांक बघा, तो एमडी-१५ या नमुन्यावर मिळतो. ऑनलाइन स्वस्तात येणाऱ्या, फक्त "डेंटल" असं छापलेल्या बाटलीवर हा क्रमांक नसेल तर ती मॉडेल छापायलाच वापरा. बायोकम्पॅटिबिलिटीचं प्रमाणपत्र त्या रेझिनला ठरलेल्या प्रिंटर, धुलाई आणि क्युअरिंगसकट मिळालेलं असतं. पद्धत बदलली की ते प्रमाणपत्र तुमच्या वस्तूला लागू होत नाही. लॅबशी बोलताना मी आता "कोणतं रेझिन" याच्यासोबत "कशात आणि किती वेळ क्युअर केलं" हे चलनावर लिहून मागतो.


इंदिरानगरची_आई

क्लिनिकला फोन केला. त्यांनी रिटेनर परत मागवला आणि जुना शीटचा तोवर घालायला सांगितला. संपर्काच्या गटाचा प्रश्नही विचारला, लॅबकडून लेखी मागवून देतो म्हणाले. सगळ्यांचे मनापासून आभार.


अंबड_टूलरूम

ताई, तुमच्या लॅबच्या पट्ट्या मी वाकवून देतो. ५० मिमीचं स्टँड आणि डायल गेज माझ्याकडे तयार आहे. फक्त दोन गोष्टी करा. प्रत्येक रेझिनच्या काही पट्ट्या आडव्या आणि काही उभ्या छापा, म्हणजे थरांच्या दिशेचा फरक कळेल. आणि एक गट तुमच्या पूर्ण क्युअरिंगचा, दुसरा मुद्दाम अर्ध्या वेळेचा. सगळ्या पट्ट्या ३७ अंशांच्या पाण्यात ५० तास ठेवून ओल्याच डब्यात आणा. एकेका पट्टीवर एक किलोचं वजन तासभर ठेवून सुरुवातीचा आणि शेवटचा झुकाव दोन्ही नोंदवू, म्हणजे डॉक्टर म्हणतात त्या सैलावण्याचाही थोडा अंदाज येईल.


लॅबवाली_नाशिक

दादा, नक्की. सध्या वापरात असलेल्या स्प्लिंटच्या आणि रिटेनरच्या रेझिनच्या पट्ट्या छापायला लावते, काकांनी दिल्या तर त्यांच्या कोल्ड क्युअरच्याही त्याच मापाच्या घेऊन येते. पंचवटीकर, तुला चकत्या हव्या असतील तर किती ते कळव, त्याच बाटलीतून काढून ठेवते. आकडे आले की इथेच टाकते, प्रिंटर, धुण्याची वेळ आणि क्युअरिंगचं तापमान यांच्यासकट.


जुना_हात

पट्ट्या देतो. साचा पाठवा.